ऐंशी मणांची चिठ्ठी

वाशिमच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यात, मी कामाला लागलो तेव्हा माझ्याकडे त्या गाठींवर आकडे घालायचं काम होतं. प्रेसमधून दाबलेली गाठ बाहेर आली की तिच्यावर काळ्या रंगानं नंबर आणि वजन लिहायचं. हाताशी एक डबा आणि एक कुंचला. दिवसभरात बोलावं लागायचं ते अगदी थोडं. मला ते काम आवडायचं. चूक झाली तर ओल्या रंगावरच पुसता यायची.

मग लढाई लागली. लढाई आमच्यापासून फार लांब होती, पण वाशिमच्या टेसनावर मालाचे डबे मिळेनासे झाले. स्टेशनमास्तर आज म्हणे उद्या, उद्या म्हणे पुढल्या आठवड्यात. जिनाच्या आवारात गाठी आणि सरकीची पोती रचून रचून भिंतीच्या वर गेली. शेवटी शेठजींनी एक लॉरी घेतली. ट्रकला तेव्हा सगळे लॉरीच म्हणत. माल सडकेनं अकोल्याला जाऊ लागला: मालेगाव, मेडशी, मग पातूरचा घाट उतरून पुढं.

पहिले काही महिने लॉरीत किती माल घालायचा हे हमालांच्या दमावर ठरायचं. जागा आहे तोवर घाला, असा कारभार. पुढं दुसऱ्या एका व्यापाऱ्याची लॉरी मेडशीच्या अलीकडे नाल्यावरच्या मोरीतून खाली गेली. मोरी फुटली आणि सडक आठ दिवस बंद पडली. त्यानंतर वरून हुकूम आला की, भरलेली कुठलीही लॉरी वजनाच्या चिठ्ठीशिवाय आवाराबाहेर पडायची नाही. चिठ्ठीवर माल भरणाऱ्याच्या माणसाची सही पाहिजे. आमच्या लॉरीच्या दारावर तीन टन असं रंगानं लिहिलेलं होतं. आमच्या भाषेत ऐंशी मण आणि वर थोडं. मी इंग्रजी सातवी शिकलेला होतो आणि माझं अक्षर बरं होतं. एवढ्यावरून ती सही माझ्याकडे आली. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो.

काम अवघड नव्हतं. फाटकाजवळ पत्र्याच्या छपरीखाली लोखंडी पाट असलेला काटा होता. हमाल पोतं पाटावर टाकी, मी दांडीवरचं वजन सरकवून आकडा बघे आणि मोठ्यानं बोलून लिहून घेई. गाठींना तोही त्रास नव्हता, त्यांचं वजन अंगावरच लिहिलेलं. सरकीच्या पोत्याची भरती दोन मण ठरलेली असे. कोरड्या दिवसांत दहातलं एखादं पोतं तोललं तरी चाले, इतकी ती भरती बरोबर यायची. चाळीस पोती म्हणजे ऐंशी मण. चिठ्ठी लिहायची, सही करायची, उस्तादाच्या हातात द्यायची.

लॉरी चालवणाऱ्याला आम्ही उस्ताद म्हणत असू. मूळचा मंगरुळकडचा, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठा. बोलताना आमचीच वऱ्हाडी बोलायचा, मध्येच हिंदीत शिरायचा. माझी चिठ्ठी घेतल्यावर तो ती खिशात घालण्याआधी गाडीला एक फेरी मारी. मागच्या चाकाशी वाकून कमानी बघे, म्हणजे चाकावरचे ते वाकवलेले पोलादी पट्टे, ज्यांच्यावर सगळा भार बसतो. चाकाची वरची कड आणि लाकडी फळी यांच्यामध्ये तो हाताची बोटं घालून अंतर मोजी. ऐंशी मणाला वीतभर आणि वर दोन बोटं उरली पाहिजेत, असा त्याचा हिशेब होता.

एकदा मी त्याला म्हणालो, "उस्ताद, मी काट्यावर तोलून देतो, तरी तुमी बोटं घालून पाह्यताच."

तो म्हणाला, "काटा तुमचा हाय. कमान माही हाय." आणि हसला. त्यात टोमणा नव्हता.

पहिल्या सहा-सात महिन्यांत त्याची बोटं आणि माझा काटा यांचं भांडण कधी झालं नाही. तो फेरी मारीत राहिला, पण पुढं पुढं बोटं घालायचं त्यानं सोडून दिलं. नुसती नजर टाकी. आपल्या कामावर कुणाचा तरी भरवसा बसला आहे, हे मला कळत होतं आणि बरं वाटत होतं.

त्या वर्षी माघात अवकाळी पाऊस आला. दुपारी आला आणि दोन तास पडला. छपरीत जागा नसल्यामुळे सरकीची साठेक पोती उघड्यावर होती. ताडपत्र्या घालेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. सरकीला कापसाची लव असते, ती पाणी पिऊन घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉरी भरायला लागली तेव्हा मी तीन पोती काट्यावर टाकायला लावली. एक वरच्या थरातलं, एक मधलं, एक अगदी खालचं. दोन मण सतरा शेर. दोन मण आठ शेर. दोन मण पाच शेर. सरासरी पोत्यामागं दहा शेर जास्त. चाळीस शेरांचा मण, म्हणजे चाळीस पोत्यांचे दहा मण. पाच पोती खाली ठेवली की प्रश्न मिटत होता.

जिनाचा रोजचा कारभार दिवाणजी बघत. वयस्कर, कामसू माणूस. आवाज चढवून बोलायची त्यांना सवय नव्हती. मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते ओल्या पोत्यात हात घालून सरकी चोळून बघत होते.

"आज नाई गेली तं ही सरकी पोत्यातच तापते," ते म्हणाले. "उद्या वास सुटते. अकोल्याचा घानीवाला घेत नाई मंग. लवकर रवाना करा."

"तीन पोती तोलून पाह्यली. भरती जास्त येऊन राह्यली."

"किती?"

"पोत्याले दहा शेर."

"दहा शेराची घागर तं बाई कमरेवर घेऊन चालते, बाबू."

"एका पोत्याले दहा. चाळीसाले दहा मन होते. पाच पोती कमी करा लागते."

दिवाणजींनी हात धोतराला पुसला. "पाच पोत्यासाठी दुसरी फेरी करता काय? पेट्रोल कुठून आनता? रेशनच्या कुपनावर मोजून भेटून राह्यलं ते. पोत्याची भरती दोन मन ठरली हाय. पोती मोजा न लिहा."

ते एवढं बोलून प्रेसकडे गेले. त्यांनी मला धमकावलं नाही. ऐकलं नाही तर नोकरी जाईल असं सुचवलंही नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढं कित्येक वर्षं ही गोष्ट मनात सांगताना मी त्यांचा आवाज थोडा चढवत असे.

मी छपरीत आलो आणि चिठ्ठी लिहिली. पोती चाळीस, वजन ऐंशी मण. सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

उस्तादाची फेरी चालू होती. मागच्या चाकाशी तो थांबला.

"बाबू, मांगची कमान बसल्यावानी दिसून राह्यली."

मी चिठ्ठी पुढं केली. "बरोबर हाय. ऐंशी."

"तोललं?"

"तोललं."

तीन पोती मी तोललेली होती, म्हणून तो शब्द अगदीच खोटा नाही, असं माझ्या मनात त्याच क्षणी येऊन गेलं. त्यानं चिठ्ठी घडी करून खिशात घातली. बोटं घातली नाहीत. माल उतरवायला दोन हमाल बरोबर जायचे. त्यातला एक त्याच्या शेजारी बसला. दुसरा वर पोत्यांवर चढला. हा दुसरा मेडशीकडचा होता, पस्तिशीचा, आमच्या जिनातला सगळ्यात ताकदीचा हमाल. दोन मणाचं पोतं पाठीवर घेऊन तो फळीवरून एकटा चढायचा आणि वर गेल्यावर दम न घेता मागच्याला शिव्या द्यायचा. लॉरी फाटकाबाहेर पडली. मी पुढच्या कामाला लागलो.

तीन वाजायच्या सुमारास अकोल्याहून येणारी उतारूंची सर्व्हिस मोटार फाटकाशी थांबली. तिचा ड्रायव्हर खाली न उतरताच म्हणाला, "तुमची लॉरी घाटात धडकली."

"मानसं?" मी विचारलं.

"एक हमाल अकोल्याच्या दवाखान्यात नेला. जिता हाय. ड्रायव्हर तिथंच बसून हाय."

दिवाणजी आणि मी दुसऱ्या मोटारीनं निघालो. मेडशी मागं पडली, सागाचं रान लागलं, आणि घाटाच्या दुसऱ्या वळणावर लॉरी दिसली. तिचं तोंड डोंगराच्या कडेच्या मुरमात घुसलेलं होतं. दुसऱ्या अंगाला दरी होती. ब्रेक धरेनात तेव्हा उस्तादानं गाडी आपण होऊन डोंगरावर घातली होती. वरचा हमाल पोत्यांबरोबर फेकला गेला आणि त्याच्या मांडीवर पोती पडली. फुटलेल्या पोत्यांमधली सरकी सडकेवर पसरली होती आणि उन्हात सुकत होती. कुणाच्या तरी शेळ्या ती खात होत्या.

उस्ताद एका दगडावर बसला होता. कपाळाला फडकं बांधलेलं. समोर पोलीस जमादार कागद घेऊन उभा होता.

"वजन किती होतं?" जमादारानं विचारलं.

उस्तादानं खिशातून चिठ्ठी काढून दिली. जमादारानं ती वाचली, लॉरीच्या दारावरचा आकडा वाचला.

"वजन तं बरोबर हाय. मंग गाडी जोरात सोडली असन तू."

"नाई जी."

"बिरेक काहून नाई लागले मंग?"

"गरम झाले. धरलेच नाई."

"बरोबर वजनाले नाई धरले?"

उस्तादानं माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. दिवाणजी पोती मोजायला लागले होते. मी तिथं उभा होतो आणि मला बोलायला भरपूर वेळ मिळाला. जमादारानं सावकाश लिहिलं, चिठ्ठी कागदाला टाचली, उस्तादाचं लायसन काढून घेतलं. मी बोललो नाही.

त्यानंतरचे चार दिवस मी नेहमीसारखा कामावर गेलो. पाचव्या दिवशी निरोप आला की, मोटारींचं काम पाहणारा अंमलदार सोमवारी वाशिमला येणार आहे आणि जबान्या घेणार आहे. मला बोलावलं होतं ते फक्त चिठ्ठीवरची सही माझी आहे एवढं सांगायला. मी दिवाणजींकडे गेलो आणि म्हणालो की, पोती ओली होती हे मला सांगावंसं वाटतं.

त्यांनी हातातली वही मिटली. "तुमचं तुमी पाहा," ते म्हणाले. "मी मोजून लिहा म्हनलो, हे मी नाकबूल करत नाई. पन सही तुमची हाय, माही नाई."

त्यात खोटं काही नव्हतं.

रविवारी मी उस्तादाच्या घरी गेलो. आधी कधी गेलो नव्हतो. दोन खोल्यांचं कौलारू घर, दाराला पडदा. तो बाजेवर बसला होता, कपाळावर खपली धरलेली. मला बघून उठला, बसायला जागा केली. आतून चहा आला. त्यानं हमालाची खबर विचारली. मांडीचं हाड दोन जागी मोडलं आहे, असं मी सांगितलं.

"मले एकच सांगा, बाबू," तो म्हणाला. "म्यां इचारलं तवा तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"किती होतं जास्त?"

"दहा मन."

त्यानं मान हलवली, जणू त्याचाही अंदाज तेवढाच होता.

"मंग काहून म्हनलं बरोबर हाय?"

"दिवाणजी म्हनले..."

"दिवाणजीले म्यां इचारलं नव्हतं. तुमाले इचारलं."

मी चहाचा कप खाली ठेवला. तो पुढं बोलला तेव्हा आवाज रागाचा नव्हता. एखादा कारागीर कामातली चूक समजावून सांगतो, तसा होता.

"तुमी दहा मन जास्त हाय म्हनले असते, तरी म्यां गाडी नेली असती. नाई कायले म्हनू? मालक सांगते तं न्यावीच लागते. पन घाट मी पयल्या गेरात उतरलो असतो. बैलावानी, हळूहळू. वरच्याले खाली उतरवून पायी चाल म्हनलो असतो. बरोबर वजन हाय म्हनून दुसऱ्या गेरात सोडली. एवढाच फरक होता."

चिठ्ठीचा उपयोग काय, हे मला त्या दिवशी कळलं. तोवर मला वाटत होतं की ती सरकारी अंमलदारासाठी असते. ती गाडी चालवणाऱ्यासाठी होती. गाडीत काय भरलंय हे तिच्याशिवाय त्याला सांगणारं कुणी नव्हतं.

निघताना मी म्हणालो, "उद्या सांगतो मी."

"सांगा," तो म्हणाला. एवढंच.

सोमवारी कचेरीत गर्दी नव्हती. अंमलदार घाईत होता, त्याला दुपारची गाडी पकडायची होती. सही तुमची का, त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. मग तो पुढच्या कागदाकडे वळत असताना मी म्हणालो की, चिठ्ठीवरचं वजन बरोबर नाही. त्यानं टाक खाली ठेवला. मी तीन पोत्यांचे आकडे सांगितले, पाऊस सांगितला, दिवाणजी काय म्हणाले ते सांगितलं, आणि उस्तादानं कमानीबद्दल विचारल्यावर आपण काय उत्तर दिलं तेही सांगितलं.

"तुमच्यावर कोणी दडपण आणलं होतं?"

"मोजून लिहा असं सांगितलं होतं. दडपण म्हणता येणार नाही."

"मग खोटं का लिहिलं?"

याचं उत्तर मी घरून ठरवून आलो नव्हतो. "सोपं होतं म्हणून," मी म्हणालो.

त्यानं ते तसंच लिहून घेतलं की नाही, मला माहीत नाही. मला कागदावर सही करायला लावली. ती फिसकटली.

महिन्याभरानं उस्तादाचं लायसन परत मिळालं. ब्रेकची तपासणी वेळेवर करत जा, असा ताशेरा त्याच्यावर आला. कारखान्याला दंड झाला. मला काढून टाकतील असं धरून मी घरी तसं सांगूनही ठेवलं होतं. शेठजींनी एकदा बोलावलं, उभ्यानं ऐकून घेतलं आणि जा म्हणाले. नोकरी गेली नाही. त्याचं कारण पुढं मला कळलं. चिठ्ठीवर सही करायला आता जिनातला दुसरा कुणी तयार होत नव्हता.

त्यानंतर मी ओलं असो कोरडं असो, प्रत्येक पोतं तोलू लागलो. लॉरी भरायला दीड तास जास्त लागायचा. हमाल कुरकुर करत, दिवाणजी गप्प राहत. ते माझ्याशी कामापुरतंच बोलत, पण वजनात त्यांनी पुन्हा कधी हात घातला नाही. एकदा तर एका व्यापाऱ्याची सहा पोती मी उतरवली, तेव्हा तो भांडायला दिवाणजींकडे गेला. ते त्याला म्हणाले, "काट्यापाशी मायं काही चालत नाई, भाऊ."

हमाल चैत्र सरल्यावर परत आला. मोडलेला पाय दोन बोटं आखूड झाला होता. पोतं उचलणं आता शक्य नव्हतं. शेठजींनी त्याला काट्यावर बसवला. पाटावर पोतं आलं की दांडीवरचं वजन तो सरकवायचा आणि आकडा बोलायचा. मी लिहायचो. दिवसातले आठ तास आम्ही हातभर अंतरावर बसत असू. कचेरीत काय झालं हे त्याला कुणीतरी सांगितलेलं होतं, पण तो विषय काढत नव्हता. मी माफी मागायची असं दोनतीनदा ठरवलं. प्रत्येक वेळी समोर पोतं आलं आणि राहून गेलं.

एकदा दुपारी काम थांबलेलं असताना तो पाय चोळत बसला होता. तो म्हणाला, "तुमी खरं सांगतलं म्हनून उस्तादाचं लायसन वाचलं म्हनते."

"हो."

"मायी टांग काई त्यानं सरळ होत नाई."

"नाही."

"नाई," तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं तंबाखूची डबी माझ्याकडे सरकवली. मी तंबाखू खात नव्हतो. त्या दिवशी घेतली. डोकं गरगरलं, आणि तो हसायला लागला. त्यापुढं आम्ही बोलू लागलो. त्याच्या गावाबद्दल, बैलांबद्दल, त्याच्या मुलीच्या लग्नाबद्दल. त्या लग्नाला मी जाऊन आलो.

लढाई संपली आणि हळूहळू डबे मिळू लागले. माल पुन्हा टेसनावर जायला लागला. लॉरी शेठजींनी विकून टाकली. उस्ताद वाशिम-मेडशी सर्व्हिस मोटारीवर लागला. मला कधीमधी त्या बाजूला जावं लागे. त्याची मोटार असली तर तो मला पुढं आपल्या शेजारी बसवी, पोरांचं शिक्षण, टायरचे हाल, असं काहीबाही बोलत राही. त्याच्या वागण्यात माझ्याबद्दल कधी कडूपणा दिसला नाही.

एकदा मालेगावच्या थांब्यावर एका शेतकऱ्याला दोन पोती टपावर टाकायची होती. ज्वारी आहे, मणाच्या आतच आहे, असं तो सांगत होता. उस्ताद त्याचं सगळं ऐकून घेत खाली उतरला. दोन्ही पोती त्यानं स्वतः जमिनीवरून उचलून बघितली, एकेक करून, आणि मग वर चढवू दिली.

मी पुढच्या जागेवर बसून होतो. तो येऊन बसला, गाडी सुरू झाली, आणि तो त्याच्या धाकट्या मुलाची अर्धी राहिलेली गोष्ट पुढं सांगू लागला.